गाठवाली बाई

परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ हळहळत म्हणाले, "डॉक्टर सरस्वतीबाई बोरकर म्हणजे मायेची मूर्ती होत्या हो." मी हातातला घास खाली ठेवला आणि त्यांना सांगितलं की तुम्ही बाईंना पाहिलेलंच नाही. मूर्ती एका जागी बसते आणि कुणी काहीही वाहिलं तरी गप्प राहते. बाईंना ही दोन्ही कामं जन्मात जमली नाहीत. मी सात वर्षं त्यांचा कंपाउंडर होतो. त्या सात वर्षांत त्यांनी मला जेवढं झापलं तेवढं माझ्या बापानेही झापलं नसेल. माणूस गेला की त्याला साखरेच्या पाकात बुडवून ठेवायची आपल्याकडे रीत पडली आहे. बाईंचं तसं मी होऊ देणार नाही.

ही स्वातंत्र्यापूर्वीची गोष्ट, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. रेल्वेचं मोठं स्टेशन, भाताच्या गिरण्या, विडीचे कारखाने, आणि बाजारात मराठीपेक्षा हिंदीच जास्त कानावर पडायची. गिरणीवाल्या शेठलोकांनी कमिटी करून बायकांसाठी एक धर्मार्थ दवाखाना काढला होता. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे पाणी उकळायची चूल. तिथे नागपूरला एल. एम. पी., म्हणजे डॉक्टरकीची धाकटी परीक्षा, पास झालेल्या बाईंना नेमलं. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आवाज हवालदाराचा. नवरा रेल्वेत गार्ड होता आणि इतका मवाळ, की शिट्टी फुंकायलाही त्याला संकोच वाटत असेल असं लोक म्हणत.

मी नोकरी मागायला गेलो त्या दिवशी बाईंनी मला स्टुलावर बसवलं. मला वाटलं, आता शिक्षण विचारतील. त्या माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दहाही बोटं त्यांनी माझ्या मानेवरून, जबड्याखालून, कानामागून हळूहळू फिरवली. डोळे मिटलेले असावेत, कारण नंतर मी ते नेहमीच मिटलेले पाहिले.

"उजवीकडची खालची दाढ किडली आहे," त्या म्हणाल्या.

"मी नोकरीसाठी आलो होतो," मी म्हणालो.

"नोकरी दिली. दाढ काढून या."

दाढ खरोखरच किडलेली होती. पुढे मी पाहिलं, टांगेवाला असो, कोळसेवाली असो, दवाखान्याची पाहणी करायला आलेले शेठजी असोत, बाई बोलता बोलता माणसाच्या मागे जायच्या आणि मान चाचपायच्या. आमच्या भागात मानेच्या गाठी फार. कुणाची खरजेने आलेली, कुणाची दातामुळे, कुणाची क्षयाची, आणि एखादी अशी, की तिचं नाव काढायला बाईही तयार नसत. बाहेरून हाताला सगळ्या सारख्याच लागतात. म्हणून बाईंचं एकच म्हणणं असायचं, "नाव मागून. आधी तुकडा." म्हणजे एक गाठ काढायची, शिशीत औषधात बुडवायची, आणि नागपूरला त्यांच्या जुन्या सरांकडे मायक्रोस्कोपखाली बघायला पाठवायची. शिशी न्यायचे गार्डसाहेब, आपल्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून. त्यावरून गावात काय काय विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. गार्डसाहेब ते ऐकून फक्त टोपी सारखी करायचे. लोकांनी बाईंचं नाव गाठवाली बाई ठेवलं. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं, पत्ता सांगायला सोपं."

पहिल्याच आठवड्यात मी रजिस्टरमध्ये एका मुलीच्या नावापुढे 'गंडमाळ' हे मानेच्या क्षयाचं नाव सुबक अक्षरात लिहिलं. बाईंनी लाल शाईने असं खोडलं की कागद फाटला.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तिच्या आईनेच सांगितलं. आणि दिसतंच आहे की."

"दिसतं आहे ते लिहा. मान, उजवी बाजू, तीन गाठी. बस्स."

मला तेव्हा त्याचा राग आला. मग हळूहळू कळलं. आमच्या खेड्यांत 'ळ'चा 'र' होतो. गंडमाळेची गंडमार होते, आणि तो शब्द एकदा का कुणी बाईमाणसाच्या मानेला चिकटवला की मारच बसतो. मुलगी असली तर सोयरीक मोडते. सून असली तर तिला मायघरी घालवतात आणि नवरा दुसरी करतो. रजिस्टरातला एक शब्द लोक पाठ करून घरी न्यायचे.

बाईंचं काम मी शेकडो वेळा पाहिलं, पण कंटाळा आला नाही. रबरी हातमोज्यांची एकच जोडी, ठिगळं लावलेली, ती उकळून मागच्या तारेवर वाळत घालायच्या. रस्त्यावरची पोरं ओरडायची, बाईने हात सुकत घातले. कापायच्या आधी त्या रोग्याला खांदे उडवायला लावत, आणि टाके घातल्यावर पुन्हा एकदा. मानेच्या बाजूने खांद्याची नस जाते. ती दुखावली तर खांदा कायमचा पडतो. दोन्ही खांदे सारखे उडाले की बाई "हं" म्हणत, आणि तेवढीच त्यांची शाबासकी. पुढे बाजारात कुणी सहज खांदे उडवले तरी लोक विचारायचे, "काऊन गा, बाईकडे गेलता का?"

जिल्ह्याहून एक मोठे डॉक्टर एकदा पाहणीला आले होते. शिशा बघून ते चिडले. एल. एम. पी. बाईने मानेत सुरी घालू नये, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, आयोडीन लावावं आणि पाठवून द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

"कुठे पाठवू?" बाईंनी विचारलं.

"घरी."

"घरी ठेवत नाहीत म्हणून तर इथे येतात."

डॉक्टरसाहेब चहा न घेता गेले. बाईंनी त्यांचा कप मला दिला आणि दुसऱ्या दिवशी दोन माना कापल्या.

आता अनुसयाचं सांगतो. गोरेगावकडच्या एका खेड्यातलं कुटुंब, घरची धानाची शेती. सासू भुराबाई, नवरा टेकचंद, आणि सतरा-अठरा वर्षांची सून अनुसया. मानेच्या उजव्या बाजूला तीन गाठी, एकीवर बिब्ब्याचा डाग दिलेला. सून तोंडातून शब्द काढत नव्हती. भुराबाई मात्र ठरवूनच आल्या होत्या.

"बाई, गंडमार हाये हे. माही ननद यानंच गेली, मी आपल्या डोऱ्यानं पायलं. पोरीले मायघरी धाडून राहिलो आमी. तुमी फक्त हो म्हना, म्हंजे तिच्या बापाले सांगता येईल."

"मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "एक गाठ काढते. नागपूरहून कळेल. तोवर ही कुठेही जाणार नाही."

"नाई समजलं तं?"

"तर दुसरी काढीन."

टेकचंदला त्यांनी बाजूला घेऊन समजावलं, अनुसयालाही समजावलं. भुराबाईंना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला व्हा." हे वाक्य लक्षात ठेवा, ते बाईंना महाग पडलं.

बाजाराच्या दिवशी ती सगळी पुन्हा आली. पाणी उकळलं, मोजे चढले, आणि गाडी अडली गरसोळीवर. आमच्याकडे काळ्या मण्यांच्या मंगळसूत्राला गरसोळी म्हणतात. मानेवर सुरी चालवायची तर ती काढायला हवी. भुराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"गरसोरी नाई काढू देनार. मी एकदा काढली हाये बाई. मले मालूम हाये कशी काढतेत ते."

भुराबाई विधवा होत्या. बाई टेकचंदकडे वळल्या.

"ही कोणाच्या नावाची आहे?"

"माह्या," टेकचंद म्हणाला.

"मग तू घाल. तासभर तुझ्या गळ्यात राहील. कुठे काढून ठेवायला नको, अशुभ व्हायला नको."

"मी? मी तं गडीमानूस, बाई."

"म्हणून काय झालं? मान तुलाही आहे."

भुराबाई दारातून बाजूला झाल्या. अशी गोष्ट आधी कुणी केलेली नव्हती, त्यामुळे तिच्या विरुद्ध बोलायलाही कुणी शिकवलेलं नव्हतं. अनुसयाने स्वतःच्या हाताने गरसोळी काढली आणि नवऱ्याच्या गळ्यात घातली. टेकचंद पडवीतल्या बाकावर जाऊन बसला. बाजाराचा दिवस, विडीच्या कारखान्याची सुट्टी झालेली. पाच मिनिटांत पडवीसमोर ही गर्दी.

"काऊन रे भाऊ, तुझं लगन कोनासंगं झालं?" कुणीतरी विचारलं.

टेकचंदचे कान लाल झाले होते. मी खिडकीतून बघत होतो, मला वाटलं आता हा माळ भिरकावून पळेल. तो मान वर करून म्हणाला, "आतमंधी हाये ना, तिच्यासंगं." गर्दी पांगली.

गाठ निघाली. शिशीत गेली, मी चिठ्ठी डकवली आणि शिशी कोनाड्यात ठेवली. अनुसयाने दोन्ही खांदे उडवले, बाईंनी "हं" केलं. मी हत्यारं धुवायला मागे गेलो आणि परत येऊन पाहतो तो कोनाडा रिकामा. गार्डसाहेबांची गाडी सुटायला तासभर उरलेला. बाईंनी माझी जी हजेरी घेतली ती अर्धा बाजार ऐकत होता. मी बाकाखाली, चुलीमागे, कचऱ्यात, सगळीकडे शोधलं.

तेवढ्यात भुराबाई तळ्याकडून आल्या. लुगड्याचा काठ ओला, आणि हातात शिशी, स्वच्छ धुतलेली.

"घ्या बाई, तुमची शिशी. रोग पान्यात सोडला मी. हरद-कुकू वाहून सोडला. काढलेला रोग असा घरात काऊन ठेवता? मागं फिरंल ना तो पोरीच्या."

मी डोळे मिटून घेतले. आता बाई हिला उभी चिरणार. बाई आधी लालबुंद झाल्या, मग स्टुलावर बसल्या. भुराबाई समोर उभ्याच, चेहऱ्यावर एक चांगलं काम केल्याचं समाधान. जिला मायघरी घालवायला निघाली होती, तिच्यासाठी ही बाई उन्हातून तळ्यापर्यंत चालत गेली होती.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. सात वर्षांत हे वाक्य मी तेवढं एकदाच ऐकलं. "मी मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं, यांना बाजूला व्हा म्हटलं." मग त्यांनी भुराबाईंना शेजारी बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो रोग नव्हता, रोगाचा दाखला होता. तो पाण्यात गेला. आता आपण जिथे होतो तिथेच आहोत, फक्त पोरीच्या मानेत एक जखम जास्त.

भुराबाईंनी कपाळाला हात लावला. टेकचंद रडायच्या बेतात होता. कुणीच अनुसयाकडे बघत नव्हतं. ती मानेला पट्टी बांधलेली टेबलावर बसली होती, आणि तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"दुसरी काढा. अजून दोन हायेत."

"आज नाही," बाई म्हणाल्या. "आठ दिवसांनी."

"मंग आठ दिसानं. पर येवेळी यायले आत ठेवा," सासूकडे बोट दाखवून ती म्हणाली. "बाहेर ठेवलं तं पुन्हा तऱ्यावर जातीन."

आठ दिवसांनी टेकचंद न सांगताच मान पुढे करून उभा राहिला. भुराबाईंचे हात बाईंनी साबणाने तीनदा धुवून घेतले आणि त्यांच्या हातात भांडं दिलं. भुराबाई डोळे घट्ट मिटून उभ्या होत्या. गाठ भांड्यात पडली तेव्हा आवाज झाला, त्याने त्यांचे डोळे उघडले. त्या भांड्यात बघत राहिल्या.

"येवढीशी?"

"एवढीच," बाई म्हणाल्या.

शिशी या वेळी भुराबाईच स्टेशनवर घेऊन गेल्या. गार्डसाहेबांना त्यांनी दोनदा बजावलं की सांडू नका.

बारा दिवसांनी नागपूरहून कागद आला. क्षयाची गाठ. म्हणजे गंडमाळच. मला, खोटं कशाला सांगू, आतून थोडं बरं वाटलं. मी म्हणालो, "बाई, एवढा खटाटोप केला, शेवटी निघालं तेच. भुराबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ओळखलं नव्हतं. ठरवलं होतं. तुम्हीही."

कागद त्यांनी काही न लपवता तिघांना वाचून दाखवला. भुराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मी तेच म्हनलं होतं."

"हो, म्हटलं होतं. पण आता मला माहीत आहे, तेव्हा नव्हतं. छातीत काही लागत नाही, गाठी मानेतच आहेत. दूध उकळून द्या, खायला पोटभर द्या, उन्हात बसू द्या, माशाचं तेल मी देते. वर्ष लागेल, दोनही लागतील. जखम वाहील, घाबरू नका. बरी होईल असं मी लिहून देत नाही. पण पुष्कळ जणी होतात."

"आन मायघरी धाडली तं?"

"तिकडे खायला आहे?"

भुराबाईंनी मान हलवली. नव्हतं. बाई समजावायला गेल्या नाहीत, आणि मला त्यांचा राग आला, की आता बोलायच्या वेळी ही बाई गप्प का.

"मी पायली ना ते," भुराबाई शेवटी म्हणाल्या. "चिंचोक्यायेवढी. येवढ्याशासाठी कोन सून टाकते?"

त्यांनी अनुसयाला उठवलं आणि घरी नेलं. जखम चार महिने वाहिली. दर बाजाराला ती पट्टी बदलायला येत होती, सोबत कधी टेकचंद, कधी भुराबाई. तिसऱ्या वर्षी ती आली ती मूल कडेवर घेऊन. मानेवर वेडावाकडा वण होता आणि तिने तो पदराने झाकला नव्हता.

बाईंचा गोंदियातला दवाखाना सुटला तो याच 'गंडमाळ' शब्दापायी. कमिटीतले सगळ्यात वजनदार शेठजी एक दिवस स्वतः दवाखान्यात आले. त्यांना सुनेला माहेरी पाठवून मुलाचं दुसरं लग्न करायचं होतं.

"बाई, बस इतना लिख दो कि बहू को गंडमाला है."

"सूनबाईंना आणा. बघते."

"देखने की क्या ज़रूरत है? घर की बात है."

"मी गाठीचा दाखला देते शेठजी. सून टाकायचा देत नाही."

शेठजी गेल्यावर मी बाईंच्या मागे लागलो. एका ओळीने काय बिघडतं, दवाखाना वाचेल, पुढे हजार बायकांचं भलं होईल. बाईंनी दौत आणि टाक माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे." मी लिहिलं नाही. पण टाक हातात घेतला होता, हे मात्र खरं. महिन्याभरात कमिटीने ठराव केला की गावाला लेडी डॉक्टरची जरूर उरलेली नाही. गार्डसाहेबांनी नागपूरला बदली मागून घेतली.

त्या गेल्या त्या दुपारी स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. कमिटीच्या भीतीने कुणी आलं नव्हतं. एक ट्रंक, एक वळकटी, एक छत्री. गार्डसाहेब निशाण काखेत धरून आपल्या डब्यापाशी उभे. गाडी सुटायला पाचेक मिनिटं असतील. तेवढ्यात नाकापर्यंत पदर ओढलेली एक तरुण बाई, मागे घाबरलेली मोलकरीण, अशा दोघी भराभर चालत आल्या. पुढची बाई काही न बोलता ट्रंकेवर बसली आणि तिने मानेवरून पदर खाली ओढला. मोलकरणीवरून मी तिला ओळखलं. शेठजींची सून.

बाईंनी छत्री माझ्या हातात दिली आणि तिच्या मागे गेल्या. फलाटावरची माणसं थांबून बघायला लागली. गार्डसाहेबांनी घड्याळ पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि इंजिनाकडे तोंड करून उभे राहिले.

"एक गाठ आहे," बाई म्हणाल्या. "कसली, ते मला माहीत नाही."

"कब पता चलेगा?"

"तुकडा काढल्यावर. नागपूरला."

ती उठली आणि बायकांच्या डब्यात चढली. बाई तिच्या मागोमाग. मी ट्रंक, वळकटी आणि छत्री आत सारली. त्या दोघी खिडकीशी बसल्या. बाईंनी माझा निरोप असा घेतलाच नाही. त्या मुलीला हिंदीत काहीतरी विचारत होत्या, बहुधा ताप येतो का ते, आणि उत्तराकडे पूर्ण लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांना मी पाहिलं ते तेवढं शेवटचं.

मोलकरीण खिडकीचा गज धरून रडायला लागली. "बहूजी, घर पे क्या बोलूँ?"

मुलीने डोक्यावरचा पदर पूर्ण मागे टाकला. "बोल देना, बहू गाँठ दिखाने नागपुर गई है. मेरे कमरे का सामान कोई न हिलाए. लौट के आऊँगी."

गाडी हलली. हे शब्द आपल्या तोंडून शेठजींपुढे निघणार नाहीत, असं मोलकरीण मला सांगत राहिली. मी तिला म्हणालो, चल. स्टेशनपासून शेठजींचा बंगला जवळच होता. पडवीत ते स्वतःच बसले होते. निरोप मी सांगितला, शब्दन् शब्द.